जामीन कोण राहणार?

आपल्या साहित्यात तुरुंग पुष्कळ आहे, जामीन मात्र नाही. हे विधान मी थोडे ठासून करीत आहे याची मला कल्पना आहे. कोणी एखादी कथा, एखादे प्रकरण दाखवून ते खोडून काढले तर मला आनंदच होईल. परंतु गेली काही वर्षे वर्गात दलित साहित्य शिकवताना आणि त्याआधी विद्यार्थी म्हणून ते अधाशासारखे वाचताना जे हाती आले त्यावरून माझे मत असे बनले आहे की तुरुंगाच्या दारातून आत जाणारा माणूस आपण पाहिला, आत मार खाणारा माणूसही पाहिला. पण त्या दाराबाहेर कागद जुळवत फिरणारे त्याचे आईबाप, भाऊ, बायको यांच्याकडे आपल्या लेखकांचे आणि त्याहून अधिक आपल्या समीक्षकांचे लक्ष गेलेले नाही.

याचे एक कारण आपल्या परंपरेतच आहे. ज्या चळवळीतून हे साहित्य जन्मले तिच्यात तुरुंगात जाणे ही मानाची गोष्ट होती. २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह, १९७८ पासून १९९४ पर्यंत चाललेला नामांतराचा लढा. माणसे भाकरी बांधून तुरुंगात गेली. सत्याग्रह्याला जामिनाचे काय काम? तो स्वतःहून गेलेला असतो आणि आत गेल्याने त्याची उंची वाढते. त्या तुरुंगातून आपल्या कवितेला एक प्रतिमा मिळाली, आणि प्रतिमा एकदा रुळली की तिच्यामागचा व्यवहार दिसेनासा होतो. जो स्वतःहून जात नाही, ज्याला रात्री अकरा वाजता गाडीत कोंबून नेतात, त्याचा तुरुंग निराळा. त्याच्या तुरुंगाला उंची नाही. तेथे तारखा असतात, आणि बाहेर एक प्रश्न असतो : जामीन कोण राहणार?

हा प्रश्न मला पुस्तकातून कळला नाही. तो कसा कळला हे सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन पोकळ होईल, म्हणून सांगतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून भांडण झाले. गाव मराठवाड्यातले; नाव सांगण्याचे कारण नाही, असे गाव कोणालाही आपल्या तालुक्यात सापडेल. आमच्या पोरांनी जातिवाचक शिवीगाळीची फिर्याद दिली. दुसऱ्या दिवशी समोरून उलट फिर्याद आली. तिच्यात दंगलीची कलमे होती आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलमही होते. या शेवटच्या कलमाला जामीन आपोआप मिळत नाही. वस्तीतली सहा पोरे उचलली. त्यांत माझा धाकटा भाऊ. तो टेम्पोवर क्लीनर होता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आमच्या वस्तीतला पहिला ‘प्राध्यापक’. तेव्हा बातमी आली ती अशी : ‘दादा आहे ना, मग काय काळजी? उद्या सोडवतो बघा.’

मी सोडवू शकलो नाही. न्यायालयाने जामीन नाकारला म्हणून नव्हे. वकिलांनी अर्ज केला, युक्तिवाद झाला, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, जामीन मंजूर झाला. पंचवीस हजारांचे वैयक्तिक बंधपत्र आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आईने वकिलांच्या पाया पडायला वाकून हात लावले. आम्ही पेढे घेतले. भाऊ घरी आला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी.

या पंधरा दिवसांत मी जे शिकलो ते एम. ए.च्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. ‘सक्षम’ या शब्दाचा अर्थ मी तेथे शिकलो. सक्षम म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, किंवा ज्याची कायम नोकरी आहे आणि पगारपत्रक आहे. मी वकिलांना म्हणालो, मीच राहतो जामीन, भाऊच आहे माझा. त्यांनी विचारले, पगारपत्रक? मी तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास तितके मानधन, तेही सहा-सहा महिने थकलेले, आणि मे महिन्यात तर मी कोणाचाच नोकर नसतो. महाविद्यालयाकडे पत्र मागितले तर ‘सदर व्यक्ती तात्पुरत्या स्वरूपात’ असे पत्र मिळाले. न्यायालयातल्या कारकुनाने ते वाचले आणि अगदी सौजन्याने परत दिले. ‘सर, हे चालत नाही. तुमच्या शिक्षणाबद्दल प्रश्न नाही.’ तो मला सर म्हणाला. वाईट वागला असता तर मला लढता तरी आले असते.

मग मामाकडे गेलो. मामाच्या नावावर दीड एकर आहे. महार वतनाची जमीन १९५८ च्या कायद्याने वतन गेल्यावर सरकारने पुन्हा आमच्याच लोकांना दिली. पण दिली ती नव्या शर्तीवर, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता किंवा हस्तांतरित करता येणार नाही अशी. सातबाऱ्यावर तिच्यापुढे ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. मामा सातबारा कपाळाला लावून घेऊन आला होता. तलाठ्याचे उत्पन्नाचे पत्र, आधार, रेशन कार्ड, दोन फोटो, सगळे. कारकुनाने वर्ग पाहिला आणि कागद बाजूला सरकवला. वर्ग दोनची जमीन जप्त कशी करणार? जप्त होत नाही ती जमीन जामिनाला चालत नाही. मामा मला बाहेर येऊन म्हणाला, ‘म्हंजे आपली जिमीन आपली बी न्हाई, अन सरकारची बी न्हाई. मग हाय कुनाची?’

येथे भाषेची एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जामीन हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. जमीन हा शब्द फारसीतला. दोघांचा परस्परांशी संबंध नाही. मराठी कानाला मात्र दोन शब्दांत फक्त एका काण्याचे अंतर आहे, आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात तेही उरत नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत हाजीरजामीन आणि मालजामीन असे दोन प्रकार येतात. एक माणूस हजर करण्याची हमी घेणारा, दुसरा पैशाची. आजच्या फौजदारी जामिनाचा हेतू पहिला आहे : आरोपीने तारखेला हजर राहावे. पण त्याची परीक्षा होते ती दुसऱ्याच्या मापाने. आणि आणखी एक विरोधाभास पाहा. गावशिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई; शीव कोणती हे त्याने चालून दाखवायचे. सरकारी वसुली खजिन्यात पोचवायची तीही त्यानेच. (वतनाचे गोडवे मला गायचे नाहीत. बाबासाहेबांनी त्या वतनाला गुलामगिरी म्हटले ते खरेच होते.) पण ज्याच्या शब्दावर दोन गावांची जमीन ठरत होती, त्याच्या नातवाचा शब्द सख्ख्या भाच्यासाठी पुरत नाही, कारण जमीन त्याच्या नावावर पुरेशी नाही.

आठव्या दिवशी गावातला एक बागायतदार घरी आला. उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकली. त्याने चहा घेतला, हे मुद्दाम सांगतो. काळ बदलला आहे. म्हणाला, ‘सर, तुम्ही शिकलेले माणसं. पोरांचं आयुष्य खराब करू नका. सहाच्या सहा पोरांना माझ्या घरचे जामीन राहतील, उद्याच्या उद्या. तुमच्याकडून ते एक तेवढं मागं घ्यायला सांगा.’ ‘ते एक’ म्हणजे आमची फिर्याद. त्याने धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. त्याच्याजवळ सातबारा होता, आमच्याजवळ फिर्याद होती. व्यवहार एवढाच होता.

ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत फिर्यादी फिरतात, साक्षीदार उलटतात, म्हणून मग कायद्याचा ‘गैरवापर’ झाल्याची ओरड होते. ती ओरड करणाऱ्यांनी कधी तरी उलट फिर्यादीत अडकलेल्या पोराच्या आईजवळ जामीन मंजूर झाल्यापासून सुटका होईपर्यंतच्या दिवसांत बसून पाहावे. माझी आई त्या रात्री जेवली नाही. तिने मला एकच विचारले : ‘तुझ्या पुस्तकात काय लिव्हलंय अशा टायमाला?’ माझ्या पुस्तकांत काहीही लिहिलेले नव्हते. या लेखाची सुरुवात खरे तर त्या रात्री झाली.

फिर्याद मागे घेतली नाही. आत्याने प्रश्न सोडवला. आत्या शेजारच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत कायम सफाई कामगार आहे; नवऱ्याच्या जागी लागलेली. तिच्या पगारपत्रकावर शिक्का होता, खातेप्रमुखाची सही होती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक होता. जे माझ्या दोन पदव्यांना जमले नाही ते तिच्या त्या एका कागदाने एका दुपारी केले. झाडू हातातून सुटावा म्हणून आमच्या पिढीला शाळेत घातले. आणि शिकलेल्या भाच्याला पुसून, झाडू धरलेल्या आत्याला न्यायालयाने सक्षम ठरवले. यावर काय बोलावे? मी तेव्हाही काही बोललो नाही. सुट्टीतले न्यायाधीश होते. त्यांनी विचारले, आरोपी तुमचा कोण? आत्या म्हणाली, ‘भाचा हाय, साहेब. पळून नाय जायचा. पळाला तर म्या हाय.’

सोडवणुकीची गोष्ट येथे गोड होते आणि संपते, असे कोणी समजू नये. सहा पोरांपैकी प्रत्येकाला वेगळा जामीनदार हवा होता. आमच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांत मिळून ‘चालणारे’ कागद मोजकेच. माझ्या भावासाठी आत्याचा कागद लागला, म्हणजे तो शेजारच्या पोराला मिळाला नाही. त्याची आई माझ्या आईबरोबरच शेतात जाते. त्या पोराचा जामीन त्याच दिवशी, त्याच आदेशाने मंजूर झाला होता. तो आणखी तीन आठवडे आत राहिला. शेवटी विधी सेवेच्या वकिलांमार्फत अट बदलून घेतली आणि जयंतीच्या उरलेल्या वर्गणीतून रोख रक्कम भरली. तोवर त्याच्या आईने मला एकदाही काही विचारले नाही. आपल्या साहित्यातला ‘आपण’ हा शब्द मी फार मोकळेपणाने वापरत असे. त्या तीन आठवड्यांत तो मला जड झाला.

आता साहित्याकडे वळतो.

पांढरपेशा मराठी रंगभूमीवर न्यायालय आले ते बहुधा बोलण्याची जागा म्हणून आले. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये खटला हा खेळ आहे. बेणारेबाईंची त्या खेळात जी शिकार होते ती भयंकर आहे आणि ती कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण ते न्यायालय एका बंद खोलीत भरते, सर्व पात्रे बोलू शकतात, आणि जिच्यावर आरोप आहे तिलाही शेवटी एक दीर्घ स्वगत मिळते. आमच्या लोकांना न्यायालय बोलण्यासाठी माहीत नाही. ते त्यांना व्हरांडा म्हणून माहीत आहे : बाकडे, पाण्याची टाकी, झेरॉक्सचे दुकान, पुकाऱ्याची वाट. तेथे स्वगत नसते. तेथे ‘थांबा’ हा एक शब्द असतो.

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) हे या विषयाच्या सर्वांत जवळ गेलेले पुस्तक. पोलिसांची हजेरी, झडती, मार, चोरीतला त्यांचा वाटा हे सारे त्यात इतक्या सपाट, तक्रार न करणाऱ्या स्वरात येते की वाचणाऱ्याला लाज वाटावी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एकेका माणसाला नव्हे तर समूहाच्या समूहाला गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याची नजर राहिली. जेथे संपूर्ण जमातच आरोपी आहे तेथे जमातीतला कोणी कोणाचा जामीन होऊच शकत नाही, कारण हमी घेणारा हाच संशयित. ‘उचल्या’वर आपण जी समीक्षा लिहिली ती भाषा, भूक, चोरीचे शिक्षण यांच्याभोवती फिरली. सुटकेचा हा अंगभूत अडथळा तिने विचारात घेतला नाही. दोष पुस्तकाचा नाही, आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचा आहे.

अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’चे (१९५९) मी आता नव्याने वाचन केले, आणि एवढी वर्षे जे शिकवले ते अपुरे होते असे वाटले. फकिराला आपण वीरनायक म्हणून शिकवतो. खजिना लुटणारा, भुकेल्यांना धान्य देणारा, इंग्रजांना न सापडणारा. पण तो शरण जातो तो का? सरकारने त्याची माणसे अडकवून ठेवलेली आहेत. त्यांना सोडवायचे तर त्याच्याजवळ द्यायला सातबारा नाही, रोकड नाही, हमी घेणारा सावकार नाही. एकच गोष्ट आहे, स्वतःचा देह. तो देह तो देतो. या शेवटाला आपण शोकांतिका म्हणतो, त्याग म्हणतो. मला तो आता एक जामीनकतबा वाटतो. ज्याच्याजवळ दुसरे तारण नाही अशा माणसाने लिहून दिलेला. अण्णा भाऊंना हे नेमके ठाऊक होते. अद्भुताच्या ओघात आपण ते वाचले नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व्हेनिसला गौरव झाला, आणि आपल्या कार्यकर्त्यांत त्यावर पुष्कळ चर्चाही झाली. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ‘विद्रोही’ मासिकाचे संपादन केलेला हा कार्यकर्ता १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने गेला. त्यांच्या चेहऱ्यावर जो थकवा आहे तो अभिनयाने आलेला नाही. चित्रपटाची सर्वांत मोठी ताकद अशी की त्यात दुष्ट कोणी नाही. सरकारी वकीलबाई आरोपीच्या शिक्षेची मागणी करून लोकलने घरी जातात, मुलाला पाळणाघरातून आणतात, स्वयंपाक करतात. न्यायाधीश कायद्याला धरून वागतात. माझ्या कारकुनासारखेच. सौजन्याने चालणारी क्रूरता एवढ्या स्वच्छ नजरेने मराठीत पूर्वी कोणी दाखवली असेल असे मला वाटत नाही.

आणि तरी एका जागी हा चित्रपट माझ्या हातातून निसटतो. कांबळेला जामीन मिळतो तेव्हा रक्कम त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. आणि ती अडचण त्याचा सुखवस्तू वकील स्वतः पैसे भरण्याची तयारी दाखवून दूर करतो. असे वकील असतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या दिग्दर्शकाने साध्या तारखेच्या कंटाळ्यालाही पडद्यावर पूर्ण वेळ दिला, त्याने जामीनदार शोधण्याच्या व्यवहाराला एक वाक्य द्यावे? कांबळेचे नातेवाईक कोठे आहेत? त्याच्या वस्तीत चालणारा कागद कोणाकडे होता? मृत सफाई कामगाराची बायको साक्षीला येते, तो प्रसंग श्रेष्ठ आहे. पण कांबळेच्या घरची बाई व्हरांड्यात उभी दिसत नाही. चित्रपट वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकिलाच्या घरी जातो, शेवटी न्यायाधीशाच्या सहलीलाही जातो. आरोपीच्या उंबऱ्यात मात्र तेवढा वेळ बसत नाही. न्यायालयाचे सर्व अंग पाहणाऱ्या नजरेची ही मर्यादा वर्गाची आहे, असे मी म्हटले तर ते अन्यायाचे होऊ नये.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे मालवतात, आणि कॅमेरा अंधारात थांबून राहतो. २०१५ मध्ये मी हे दृश्य प्रथम पाहिले तेव्हा मला ते प्रतीकात्मक वाटले होते. २०२२ च्या मे महिन्यात मी त्या अंधाराच्या दुसऱ्या बाजूला, सुट्टीतले न्यायाधीश कोणत्या वारी बसतात याची चौकशी करीत उभा होतो. त्यात प्रतीक वगैरे काही नाही.

तमिळमधल्या ‘जय भीम’ (२०२१) बद्दल थोडेच. त्याचा नायक वकील आहे आणि चित्रपट त्याच्या पराक्रमाचा आहे. ते मला पटत नाही. पण त्याचे पहिले दृश्य मी विसरू शकत नाही : तुरुंगाच्या फाटकातून सुटून येणाऱ्यांना जात विचारली जाते, आणि काहींना घरी जाऊ देतात, काहींना त्याच फाटकात पुन्हा गाडीत भरतात. सुटका ही घटना नसून चाळणी आहे, हे दाखवायला त्याला काही मिनिटे लागतात.

ललित साहित्याने जे केले नाही ते काही अंशी निकालपत्रांनी केले, हे कबूल केले पाहिजे. १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिला. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तर भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडले आणि गरिबाला जिल्ह्याची शीव दाखवून अडवणाऱ्या या रीतीवर कडाडून टीका केली. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी बिहारच्या तुरुंगांतली ती माणसे पाहिली, ज्यांतली काही गुन्ह्याला होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याविना आत होती. मी हे निकाल आता एम. ए.च्या वर्गात वाचायला देतो. विद्यार्थी विचारतात, सर, हे अभ्यासक्रमात आहे का?

कायदा पुढे सरकला नाही असे नाही. २००५ च्या दुरुस्तीने जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार न देऊ शकणाऱ्यास निर्धन समजून स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे असे ठरले. म्हणजे जामीनपात्र गुन्ह्यात तो निर्धन, आणि कलम जरा चढले की तोच माणूस निर्धन राहत नाही! ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सूचना दिल्या : आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ईमेलने पोचावी, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, महिन्यात बंधपत्र दिले गेले नाही तर न्यायालयाने आपणहून अट बदलण्याचा विचार करावा, स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यास, जन्मठेप किंवा मृत्युदंडाचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद आली. आपल्या कार्यकर्त्यांनी हे सर्व पाठ करून ठेवावे. व्हरांड्यात कोणी आपणहून सांगत नाही.

तरीही आकडा पाहावा. आमची पोरे आत गेली त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर २०२२ रोजी, देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे चारांतली तीन, खटला न संपलेली होती. त्यांतल्या किती जणांचा जामीन मंजूर आहे आणि फक्त जामीनदार नाही?

याच्या उलट बाजूही आपण सर्वांनी पाहिली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत एका नामवंत नटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला. एक अभिनेत्री जामीन राहिली. कागद तुरुंगाच्या जामीनपेटीत संध्याकाळच्या वेळेत पडला नाही म्हणून त्याला एक रात्र जास्त काढावी लागली, आणि त्या एका रात्रीची बातमी देशभर झाली. त्या मुलावर पुढे आरोपपत्रही आले नाही, तेव्हा त्याची ती रात्रही अन्यायाचीच होती. मला त्या बातमीचा राग नाही. जामीनपेटी ही वस्तू माझ्या आईला त्या बातमीमुळेच माहीत होती. तिने मला दुसऱ्या दिवशी विचारले, ‘पेटी किती वाजता उघडत्यात, इचारलंस का?’

कोणी म्हणेल, हे सगळे पत्रकारितेचे विषय आहेत. पगारपत्रक आणि सातबारा यांत कलाकृतीला काय मिळणार? हा आक्षेप आपल्यावर पूर्वीही घेतला गेला. भूक, पाणवठा, मेलेले ढोर यांत काय कला आहे, असे विचारणाऱ्यांना १९६० आणि ७० च्या दशकातल्या लेखकांनी पुस्तके लिहूनच उत्तर दिले. पण आजचा प्रश्न थोडा अवघड आहे हे मी मान्य करतो. शिवी, लाथ, जळालेले घर यांना दृश्यरूप आहे; विद्रोहाच्या भाषेला त्यांच्यावर पाय रोवता येतात. ‘सर, हे चालत नाही’ या वाक्यावर विद्रोह कसा करायचा? ज्याने ते म्हटले तो स्वतः कदाचित आपल्यातलाच, आरक्षणाच्या जागेवर लागलेला असतो. येथे जात कोणाच्या तोंडात नसते, ती रकान्यात असते. त्या रकान्यासाठी आपल्याजवळ अजून वाक्य नाही. दलित साहित्य साचेबंद झाले असे जे म्हणतात त्यांना दुःखाचा कंटाळा आलेला असतो, आणि त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण आपणही जुन्याच दुःखाच्या आकारात नवे दुःख बसवू पाहतो हे खरे आहे. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी त्या सहांपैकी एकाचा चुलतभाऊ. त्याने या प्रसंगावर कविता लिहून आणली. तिच्यात साखळदंड होते, अंधारकोठडी होती, उगवता सूर्य होता. मी त्याला विचारले, तू व्हरांड्यात आठ दिवस होतास, तेथे काय होते? तो म्हणाला, सर, तिथे काहीच नव्हते. झेरॉक्स दोन रुपयांना होती.

मी म्हणालो, ते लिही. त्याने अजून लिहिलेले नाही.

खटला चालू आहे. आमच्या फिर्यादीचाही आणि त्यांच्या फिर्यादीचाही. भाऊ तारखेला जातो. तारखेच्या आदल्या संध्याकाळी आत्याचा फोन येतो, ‘उद्या हाय ना रं?’ तिला तारखा पाठ आहेत. प्रकरण सत्र न्यायालयात गेले की तेथे बंधपत्र पुन्हा द्यावे लागेल, असे वकील म्हणतात. आत्या पुढच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त होते. निवृत्तांचा कागद चालतो की नाही याची चौकशी मी केली. कारकून बदलून गेला आहे, नवा म्हणाला, तेव्हा या, बघू. माझ्या महाविद्यालयातली कायम जागा भरण्याची जाहिरात अजून निघालेली नाही.